हळद घरचीच, पण गोळी?

आमच्या शेजारच्या काकू परवा भिशीला आल्या त्या तोंड उतरवूनच. “अगं, आठवडा झाला, जेवणावर वासनाच नाही. लघवीही गडद पिवळी होते.” मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “कुठली औषधं चालू आहेत?” काकू म्हणाल्या, “छे, औषध कुठलं!” मग मलाच आठवलं. गुडघ्यांसाठी त्या हळदीच्या गोळ्या घेत होत्या, मिऱ्याचा अर्क घातलेल्या! रक्त तपासलं, तर यकृताला सूज.

“हळदीनं कधी कुणाचं बिघडलंय का?” काकूंचा प्रश्न रास्तच. उत्तर यकृतात आहे.

हळदीतलं कुरकुमीन पोटात गेलं की आतडं आणि यकृत त्याला परकं समजतात. यकृताच्या पेशी त्याला साखरेसारखा एक रेणू चिकटवतात, म्हणजे ते पाण्यात विरघळून बाहेर पडतं. म्हणूनच भाजीतली हळद रक्तात जेमतेम पोचते. मिऱ्यातलं पिपरीन नेमकं हे चिकटवण्याचं काम अडवतं.

बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे मोजून दाखवलं. पिपरीन जोडीला दिल्यावर उंदरांच्या रक्तात कुरकुमीन १५४ टक्क्यांनी वाढलं, माणसांत मात्र तब्बल २००० टक्क्यांनी! दिलेलं प्रमाण दोघांना सारखं नव्हतं, हे खरं. पण प्रत्येक प्राण्याचं यकृत आपापल्या रीतीनं काम करतं, हेही तितकंच खरं. विलोच्या सालीवरून सुचलेली ॲस्पिरिन आपण पचवतो, मांजरीच्या अंगात मात्र ती दिवसेंदिवस रेंगाळते. तेव्हा ‘उंदरांवर तपासलंय’ एवढ्यावर विसंबू नये.

आणि प्रमाण बघा. हळदीत कुरकुमीन साधारण तीन टक्के. म्हणजे ५०० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे सोळा-सतरा ग्रॅम हळद. एवढी आपण आमटीत घालतो का?

अमेरिकेत २००४ ते २०२२ या काळातल्या नोंदींत हळदीच्या गोळ्यांनी यकृत बिघडलेले दहा रुग्ण सापडले. पाच जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, एक दगावला. अनेकांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण आढळली. म्हणजे त्रास सगळ्यांना होत नाही, पण कुणाला होईल हे आधी कळत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, फोडणीतली हळद आणि रात्रीचं हळदीचं दूध खुशाल चालू ठेवा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारूनच. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल, पूर्वी कावीळ झाली असेल, तर जास्तच जपा. भूक मेली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, तर गोळी बंद करा आणि डबीसकट दवाखाना गाठा.

काकूंनी गोळ्या थांबवल्या. दीड महिन्यात रिपोर्ट चांगला आला. आता डॉक्टरांनी विचारलं की त्या काढ्यापासून चूर्णापर्यंत सगळं सांगतात. आपणही सांगू या ना!