हलता हात, उसळता चेंडू



पडद्यावर धावणारी, बोलणारी खेळणी तुम्ही पाहिली असतील. ती पुढून दिसतात, मागूनही दिसतात. त्यांच्याभोवती जणू फेरी मारता येते. संगणकावर तयार होणाऱ्या अशा हलत्या चित्रांना त्रिमितीय ॲनिमेशन म्हणतात. संकल्पन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवला जातो.

या विषयाची गोष्ट निघाली की वर्गातला एखादा तरी मुलगा विचारतो, "सर, मला चित्र काढता येत नाही. मग मला हे कसे जमेल?" त्याला मी एडविन कॅटमल यांची हकीकत सांगतो. हकीकत हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूत त्याचा अर्थ वास्तव, तर मराठीत घडलेल्या गोष्टीचा वृत्तांत. येथे दोन्ही अर्थ लागू पडतात.

अमेरिकेतल्या या मुलाला डिस्नेच्या चित्रपटांसाठी चित्रे काढायची होती. पण आपला हात चित्रकलेत तितका चालत नाही, हे त्याला उमगले. तेव्हा तो युटा विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र शिकू लागला. तेथेच १९७२ साली त्याने स्वतःच्या डाव्या हाताचा साचा घेतला. हाताला व्हॅसलिन लावायचे तो विसरला होता! प्लास्टर सुकले आणि हात सोडवताना त्यावरची लव उपटून निघाली. मग त्या साच्यातून बनवलेल्या प्लास्टरच्या हातावर त्याने शाईने सुमारे ३५० लहान त्रिकोण व बहुकोन आखले. प्रत्येक कोपऱ्याचे माप घेऊन ते संगणकाला दिले. फ्रेड पार्क या सहकाऱ्याबरोबर त्याने केलेल्या छोट्या चित्रपटात हा हात उघडतो, मिटतो आणि आपल्याकडे बोट दाखवतो. २०११ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत या चित्रपटाचा समावेश झाला.

संगणकाला हात म्हणजे काय ते ठाऊक नसते. त्याला फक्त आकडे कळतात. तुमच्या वर्गाचा एक कोपरा पाहा. तेथे दोन भिंती आणि जमीन मिळतात. आता बाकावरच्या दौतीची जागा सांगायची आहे. एका भिंतीपासून किती दूर, दुसऱ्या भिंतीपासून किती दूर आणि जमिनीपासून किती उंच, ही तीन मापे दिली की जागा पक्की झाली. आलेख काढताना तुम्ही दोन अक्ष वापरता. येथे उंचीचा तिसरा आला, इतकेच. असे अनेक बिंदू रेषांनी जोडले की जाळे तयार होते. जाळ्याच्या आत हाडांसारखा सांगाडा बसवतात, म्हणजे बोट सांध्यावरच वाकते. वर रंग चढवतात, दिवा कोठे ठेवायचा ते ठरवतात. शेवटी संगणक हिशेब करून एकेक चित्र तयार करतो.

आता खरी मेहनत सुरू होते. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे लागतात, म्हणजे एका मिनिटाला १४४०. ती सगळी हाताने मांडावी लागत नाहीत. महत्त्वाच्या जागा आपण ठरवायच्या आणि मधल्या संगणकाने भरायच्या. पण येथेच नवशिका फसतो.

सव्वा मीटर उंचीवरून चेंडू सोडा. तो सुमारे अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ चित्रांत जमिनीवर येतो. संगणकाला फक्त वरची व खालची जागा सांगून मधले अंतर सारखे वाटायला लावले, तर चेंडू प्रत्येक चित्रात साधारण १० सेंटिमीटर उतरेल. तो चेंडू वाटणारच नाही, उतरणारी लिफ्ट वाटेल. खरा चेंडू पहिल्या सहा चित्रांत जेमतेम ३१ सेंटिमीटर पडतो आणि उरलेले ९४ सेंटिमीटर पुढच्या सहा चित्रांत. माझा संगणकातला पहिला चेंडू तर जमिनीतून आरपार खाली गेला! मुले खूप हसली. जमीन घट्ट असते, हेही संगणकाला सांगावे लागते.

रबरी चेंडू आपटताना क्षणभर चपटा होतो. चपटा झाला की तो आडवा फुगला पाहिजे, नाहीतर लहान झाल्यासारखा दिसतो. लोखंडी गोळा मात्र चपटा करायचा नाही. ही युक्ती हाताने चित्रे काढणाऱ्या जुन्या कलावंतांची आहे. जॉन लॅसेटर यांनी ती संगणकावर आणली. त्यांच्या 'लक्सो ज्युनिअर' या १९८६ सालच्या लघुपटात टेबलावर ठेवायचा एक छोटा दिवा चेंडूशी खेळतो. धातूचा दिवा चपटा कसा होणार? म्हणून तो सांध्यांत वाकतो, दबतो आणि मग उडी मारतो. त्याला ना डोळे ना तोंड, तरी ते खोडकर मूल आहे हे आपल्याला लगेच कळते. हा लघुपट पिक्सार या कंपनीचा. तिच्या संस्थापकांत कॅटमलही होते. याच कंपनीचा १९९५ साली आलेला 'टॉय स्टोरी' हा पूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय.

या कामाची साधने फार महाग असतात, असे अनेकांना वाटते. ब्लेंडर नावाचा कार्यक्रम मात्र विनामूल्य मिळतो. नेदरलँडचे टॉन रोझेंडाल हे त्याचे जनक. २००२ साली लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि तो सर्वांसाठी खुला झाला. लॅटव्हियातील एका दिग्दर्शकाने याच साधनाने 'फ्लो' हा एका मांजराचा चित्रपट केला. त्यात एकही संवाद नाही. २०२५ साली त्याला ऑस्कर मिळाले.

तुमच्याजवळ संगणक नसेल, तर एक वही घ्या. तिच्या बारा पानांच्या कडेला, एका पानावर एक, असा चेंडू काढायचा आहे. सुरुवातीच्या जागेपासून तिसऱ्या पानावर तो अर्धा सेंटिमीटर खाली असू द्या, सहाव्यावर दोन, नवव्यावर साडेचार आणि बाराव्यावर आठ सेंटिमीटर. मधली पाने अंदाजाने भरा. मग अंगठ्याने पाने भराभर सोडा. वही जुनी असली तरी चालेल. मात्र कडा कोऱ्या हव्यात.