ॲल्विनची कबर

२५ सप्टेंबर १८२४. न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा गावात जोसेफ स्मिथ नावाचा एक शेतकरी सकाळी काही शेजाऱ्यांना सोबत घेऊन आपल्या थोरल्या मुलाची कबर उकरायला गेला. मुलगा ॲल्विन दहा महिन्यांपूर्वी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला होता. पोटात कळा येत होत्या म्हणून वैद्याने कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं औषध दिलं. ते आत अडकून राहिलं आणि चार-पाच दिवसांत पोरगा हातचा गेला. आता गावात कुजबुज होती की त्याचं प्रेत कोणीतरी पळवून नेलं आणि चिरफाड केली. बापाने माती बाजूला केली. प्रेत जागच्या जागी होतं. मग त्याने गावच्या वर्तमानपत्रात निवेदन छापलं की, लोकहो, आता तरी ही अफवा थांबवा.

या घराला दुसरी जखम त्याआधीच झाली होती. ॲल्विनच्या अंत्यविधीला बोलावलेल्या धर्मोपदेशकाने प्रवचनात सुचवलं होतं की चर्चशी नातं न जोडता गेलेला हा तरुण नरकात गेला असणार. धाकटा भाऊ विल्यम याने म्हातारपणी ही आठवण सांगितली, तेव्हाही बापाचा तो संताप त्याच्या लक्षात होता. मधला भाऊ, वडिलांच्याच नावाचा जोसेफ, तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याचं म्हणणं असं की, दोनच महिन्यांपूर्वी मोरोनी नावाच्या देवदूताने रात्री येऊन त्याला जवळच्या टेकडीत पुरलेल्या सुवर्णपत्रांचा ठाव सांगितला होता.

याच मधल्या भावाने पुढे स्थापलेल्या मॉर्मन पंथाबद्दल आपल्याकडे जे थोडंफार वाचायला मिळतं, त्यात बहुपत्नीत्व असतं, सॉल्ट लेक सिटी असते, आणि टाय लावून दारोदार फिरणारे तरुण असतात. पंथाने ते बहुपत्नीत्व १८९० मध्ये जाहीरपणे सोडलं. अभ्यासक मंडळी त्या सुवर्णपत्रांवरचा म्हणून सांगितलेला ग्रंथ खरा की खोटा याचा वाद एका दालनात ठेवतात आणि मरणोत्तर जीवनाची शिकवण दुसऱ्या दालनात. गेली काही वर्षं या पंथाविषयी मिळेल ते वाचताना मला सारखं जाणवत आलं आहे की ही दोन दालनं मुळात एकाच घरातली आहेत, आणि मधलं दार ॲल्विनच्या कबरीपाशी उघडतं.

ग्रंथाची कथा आधी सांगायला हवी. १८२७ मध्ये पत्रं हाती आल्याचं जोसेफने सांगितलं. १८२८ च्या जून महिन्यात त्याची पत्नी एमा बाळंत झाली आणि पहिलं मूल त्याच दिवशी दगावलं. तोपर्यंत लिहून झालेली भाषांतराची ११६ पानं मार्टिन हॅरिस हा शेतकरी घरच्यांना दाखवायला घेऊन गेला होता. ती गहाळ झाली, कायमची. १८२९ च्या वसंतात ऑलिव्हर काउडरी हा शाळामास्तर लेखनिक म्हणून आला आणि जोसेफने जवळजवळ सहाशे छापील पानांचा मजकूर अवघ्या तीनेक महिन्यांत तोंडी सांगून लिहून घेतला. पद्धत अशी की एक तपकिरी दगड टोपीत ठेवायचा, उजेड आत येऊ नये म्हणून तोंड टोपीत घालायचं आणि दिसेल ते बोलायचं. पत्रं बहुधा कापडात गुंडाळून बाजूला ठेवलेली असत.

छपाई पालमायरातच ग्रँडिन याच्या छापखान्यात झाली. ५००० प्रती, ३००० डॉलर. त्यासाठी हॅरिसने शेत गहाण टाकलं. जोसेफचा थोरला भाऊ हायरम रोज थोडी पानं बंडीच्या आत लपवून, वर कोटाची बटणं लावून छापखान्यात आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा. जुळारी होता जॉन गिल्बर्ट. हस्तलिखितात स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, परिच्छेद नाही. गिल्बर्टने पेन्सिल घेऊन ते सगळं घातलं. २६ मार्च १८३० रोजी 'बुक ऑफ मॉर्मन' विक्रीला आलं आणि ६ एप्रिलला चर्चची स्थापना झाली.

ग्रंथात येतं ते असं: इसवी सनापूर्वी सुमारे ६०० मध्ये लेही नावाचा संदेष्टा जेरुसलेम सोडून कुटुंबासह समुद्रापार अमेरिकेत येतो. त्याच्या मुलांपासून नेफाइट आणि लॅमनाइट असे दोन समाज होतात, पुनरुत्थित येशू तिथे येऊन शिकवण देतो, आणि अखेर नेफाइटांचा संहार होतो. उरलेला एकटा मोरोनी ती पत्रं पुरून ठेवतो. म्हणजे देवदूत म्हणून आला तो एका मेलेल्या वंशाचा शेवटचा माणूस होता. आपल्या सगळ्या माणसांची नोंद पाठीवर घेऊन हिंडणारा हा एकाकी लेखक मला त्या ग्रंथातली सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा वाटते.

संशय पहिल्या वर्षापासूनच सुरू झाला. १८३१ मध्ये अलेक्झांडर कॅम्बेल या धर्मोपदेशकाने लिहिलं की न्यूयॉर्कमध्ये त्या दहा वर्षांत गाजलेला एकूण एक धार्मिक वाद या प्राचीन म्हणवणाऱ्या ग्रंथात निकाली निघालेला दिसतो. हे निरीक्षण आजही तितकंच बिनतोड आहे. १८३४ मध्ये हाउ नावाच्या लेखकाच्या पुस्तकाने आरोप केला की हे सॉलोमन स्पॉल्डिंग याच्या कादंबरीवरून चोरलं. पन्नास वर्षांनी, १८८४ मध्ये, स्पॉल्डिंगचं एक हस्तलिखित होनोलुलूत सापडलं आणि साम्य फारसं निघालं नाही. संशय घेणाऱ्यांचंही चुकतं, हे नोंदवून ठेवलं पाहिजे.

खरे अवघड प्रश्न घरातूनच आले. बी. एच. रॉबर्ट्स हे चर्चच्या वरिष्ठ नेतृत्वातले, पंथाचे सर्वांत तयारीचे विद्वान. १९२१ मध्ये एका तरुणाचे प्रश्न त्यांच्याकडे उत्तरासाठी आले. कोलंबसाच्या आधी अमेरिकेत घोडे नव्हते, पोलाद नव्हतं, मग ग्रंथात ते कसे? इतक्या थोड्या शतकांत एका भाषेच्या इतक्या निरनिराळ्या भाषा कशा झाल्या? रॉबर्ट्सनी प्रश्न टाळले नाहीत. त्यांनी ते वाढवून प्रेषितमंडळापुढे मांडले आणि पुढे ग्रंथ १८२३ मध्ये व्हरमाँटमध्ये छापलेल्या 'व्ह्यू ऑफ द हिब्रूज' या पुस्तकाशी ताडून पाहिला. मंडळाकडून उत्तर मिळालं नाही. ते लिखाण १९८५ पर्यंत अप्रकाशित राहिलं. रॉबर्ट्स मात्र १९३३ मध्ये मरेपर्यंत जाहीरपणे श्रद्धेची ग्वाही देत राहिले. त्यांच्या मनात शेवटी काय होतं यावर आजही दोन तट आहेत. मला ते कागद वाचताना दुटप्पीपणा दिसत नाही. आपल्या माणसांना खरं सांगायचं आहे आणि त्यांचा आधारही काढायचा नाही, अशा माणसाची तगमग दिसते.

थॉमस स्टुअर्ट फर्ग्युसन या वकिलाने तर ग्रंथ सिद्ध करायलाच १९५२ मध्ये उत्खननसंस्था काढली. मेक्सिकोच्या चियापासमध्ये काम उत्तम झालं, पुरातत्त्वाला त्याचा लाभही झाला, पण नेफाइट सापडले नाहीत. फर्ग्युसनची श्रद्धा संपली. पुढे जनुकशास्त्राने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं नातं आशियाशी जोडलं, आणि ग्रंथाच्या प्रस्तावनेत लॅमनाइट हे या लोकांचे 'मुख्य' पूर्वज आहेत असं जे म्हटलं होतं, ते बदलून 'पूर्वजांपैकी' असं करण्यात आलं. श्रद्धावान पंडितही गप्प नव्हते. जॉन वेल्चने १९६७ मध्ये मजकुरात हिब्रू धाटणीची उलटसुलट वाक्यरचना दाखवली, सोरेन्सनने सगळी कथा मध्य अमेरिकेतल्या छोट्या प्रदेशात बसवून पाहिली. मेहनत मोठी आहे. तरीही माझं मत सांगतो: हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचा आहे.

दुसऱ्या ग्रंथाचं प्रकरण अधिक उघड आहे, आणि मला अधिक हलवून टाकणारंही. १८३५ मध्ये ओहायोतल्या कर्टलंड गावी मायकेल चँडलर नावाचा माणूस चार ममी आणि काही पपायरस घेऊन आला. मॉर्मनांनी २४०० डॉलर जमवून ते विकत घेतले. हे अब्राहामाचं लिखाण आहे असं जोसेफने सांगितलं आणि १८४२ मध्ये 'बुक ऑफ अब्राहम' छापलं. पपायरस शिकागोच्या १८७१ च्या आगीत जळाले अशी समजूत होती. १९६६ मध्ये अझीझ अतिया या प्राध्यापकाला ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दिसले, आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये संग्रहालयाने ते चर्चला दिले. एव्हाना चित्रलिपी वाचणारे होते. त्यांनी वाचलं: हॉर नावाच्या, थीब्जच्या पुजाऱ्यासोबत पुरलेलं 'श्वासाचं पुस्तक', अब्राहामानंतर कैक शतकांनी लिहिलेलं. ज्या चित्रात अब्राहामाचा बळी दिला जातो आहे असं जोसेफने सांगितलं होतं, त्यात एक मृत मनुष्य पलंगावर आहे आणि कोल्ह्याच्या मुखाचा देव अनुबिस त्याला उठवतो आहे.

चर्चने २०१४ मध्ये स्वतःच्या निबंधात मान्य केलं की उरलेल्या तुकड्यांवरचा मजकूर आणि भाषांतर जुळत नाही. गुंडाळीचा काही भाग हरवला असेल किंवा पपायरस केवळ निमित्त झाले असतील, असे पर्याय पुढे ठेवले. माझं मन त्या चित्राशीच अडतं. हॉरच्या घरच्यांनी तो पपायरस त्याच्या देहाजवळ ठेवला, कारण पलीकडेही त्याचा श्वास चालावा. दोन हजार वर्षांनी तो पडला कोणाच्या हाती, तर मेलेला भाऊ कुठे असेल या प्रश्नाने आयुष्यभर पछाडलेल्या माणसाच्या.

त्या प्रश्नाचं उत्तर जोसेफने टप्प्याटप्प्याने घडवलं. १६ फेब्रुवारी १८३२ रोजी ओहायोतल्या हायरम गावी त्याला आणि त्याचा सहकारी सिडनी रिग्डन याला दर्शन झालं: मरणानंतर स्वर्ग आणि नरक अशी दोनच ठिकाणं नाहीत. सूर्यासारखा, चंद्रासारखा आणि ताऱ्यांसारखा तेजस्वी असे तीन लोक आहेत, आणि बहुतेक सगळ्यांना त्यातला एखादा मिळतोच. बाहेरचा अंधार अगदी मोजक्यांच्या वाट्याचा. नरकाची भीती ऐकत वाढलेल्या अनेक अनुयायांना हे पचेना. पुढे पंथाचा नेता झालेल्या ब्रिगहॅम यंगलाही ते गळी उतरायला वेळ लागला. २१ जानेवारी १८३६ रोजी कर्टलंडच्या मंदिरात जोसेफला सर्वोच्च लोकात ॲल्विन दिसला, आणि बाप्तिस्मा न घेतलेला हा इथे कसा, असं त्याला नवल वाटलं. ज्यांनी संधी मिळाली असती तर शिकवण मनापासून स्वीकारली असती, ते सगळे इथे येतील, असं उत्तर मिळालं. ऑगस्ट १८४० मध्ये नॉवू इथल्या एका अंत्यविधीत त्याने पुढचं पाऊल टाकलं: जिवंत माणसाने मृताच्या नावाने बाप्तिस्मा घ्यावा. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात या चालीचा एका ओळीत उल्लेख आहे, तेवढाच आधार. लोक मिसिसिपी नदीत उतरून आई-बापांच्या, मुलांच्या नावाने बुडी घेऊ लागले.

आजही ते चालतं. मंदिराच्या तळमजल्यावर बारा दगडी किंवा धातूच्या बैलांच्या पाठीवर तोललेलं मोठं कुंड असतं. पांढऱ्या कपड्यातली बारा-तेरा वर्षांची मुलगी कमरेएवढ्या पाण्यात उभी असते. एक पुरुष तिचं मनगट धरून एक नाव उच्चारतो, कोणा शेतकरणीचं, दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या. मुलगी पाण्याखाली जाते, वर येते, पाणी निथळेपर्यंत पुढचं नाव. शिकवण अशी की मृताने ते स्वीकारावं की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे.

त्या नावांसाठी चर्चने १८९४ मध्ये वंशावळी संस्था काढली आणि जगभरच्या जन्ममृत्यूच्या नोंदी चित्रित केल्या. युटाच्या ग्रॅनाइट डोंगरात खोदलेल्या कोठारात लाखो रिळं आहेत. त्यात हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही आहेत. हे वाचलं तेव्हा वडिलांचं वर्षश्राद्ध आठवलं. गुरुजींनी पिता, पितामह, प्रपितामह अशी नावं विचारली, ती सांगितली. मग त्यांनी पणजीचं नाव विचारलं आणि घरातल्या अकरा माणसांपैकी एकालाही ते येईना. काकू हुंदका आवरत म्हणाली, "अरे, त्या बाईने आजोबांना वाढवलं." म्हणून नावं शोधणाऱ्या त्या लोकांची आस मला परकी वाटत नाही. पण दुसऱ्याचे पितर आपल्या कुंडात बुडवायचा हक्क कोणाला, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. ज्यूंच्या नरसंहारात मारल्या गेलेल्यांची नावं अशी वापरली गेल्याचं उघड झालं, तेव्हा वारसांचा संताप उसळला आणि १९९५ मध्ये चर्चला ते थांबवण्याचा करार करावा लागला. त्यानंतरही प्रकार घडले. २०१२ मध्ये गांधीजींचंही नाव असं वापरल्याच्या बातम्या आल्या. आपल्या मेलेल्यांवरचं प्रेम दुसऱ्याच्या मेलेल्यांपर्यंत पोचताना परवानगी विसरतं, तिथे ते आक्रमण होतं.

  

स्वतःच्या इतिहासाशी चर्चचं वागणंही बदलत गेलं. फॉन ब्रोडीने १९४५ मध्ये जोसेफचं निर्भीड चरित्र लिहिलं आणि पुढच्या वर्षी तिला बहिष्कृत करण्यात आलं. साठ वर्षांनी, २००५ मध्ये, रिचर्ड बुशमन या श्रद्धावान इतिहासकाराने टोपीतल्या दगडासकट चरित्र लिहिलं आणि तो चर्चमध्ये सन्मानाने राहिला. २०१५ मध्ये चर्चने त्या दगडाचं छायाचित्रही छापलं. पिढ्यान्‌पिढ्या मुलांना मात्र जोसेफ समोर पत्रं ठेवून वाचतो आहे, असंच चित्र दाखवलं गेलं होतं. आज पंथ सोडणाऱ्यांच्या लिखाणात 'दगड होता' ही तक्रार कमी असते, 'आम्हाला सांगितलं नाही' ही जास्त.

महिन्यातून एका रविवारी, बहुधा पहिल्या, उपास करून सभा भरते आणि ज्याला वाटेल तो उभा राहून साक्ष देतो. तिथे 'माझा विश्वास आहे' असं क्वचित म्हणतात. 'मला ठाऊक आहे' असं म्हणतात. लहान मुलंही आईने कानात सांगितलेलं तेच वाक्य बोलतात. ज्याला ठाऊक असण्याची सवय लावली गेली, त्याला शंका आली की मधे उभं राहायला पायरीच नसते. शिवाय मंदिरात लग्न लागतं ते जन्मापुरतं नसतं, पती-पत्नी आणि मुलं अनंतकाळासाठी बांधली जातात. तिथे प्रवेशपत्र लागतं. ज्या आईची श्रद्धा उडाली, ती मुलीच्या लग्नात बाहेरच्या खोलीत बसून राहते. स्वर्गात आपल्या कुटुंबाची एकही खुर्ची रिकामी राहू नये, असं तिथल्या घरांत म्हणतात. घोडे आणि पोलाद यांच्याबद्दल मत बदललेल्या माणसाला हीच खुर्ची दिसत राहते. त्याला पुरावा कळलेला असतो. पण पुरावा मान्य केला की लहानपणी गेलेल्या बहिणीची भेट रद्द होते. संशयवाद्यांनी या किमतीचा हिशेब कधी नीट मांडलेला नाही, आणि श्रद्धावंतांनी ती किंमत धमकीसारखी वापरलेली मी वाचली आहे. दोन्ही गोष्टींचा मला राग येतो.

जोसेफला २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने हायरमसह गोळ्या घातल्या. त्याचा बाप त्याआधी चार वर्षं, सप्टेंबर १८४० मध्ये, नॉवूत आजारपणाने गेला. आई लूसी हिने त्या दिवसांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मृतांसाठी बाप्तिस्मा घेता येतो असं मुलाने म्हाताऱ्याला सांगितलं, तेव्हा ॲल्विनसाठी तो ताबडतोब घेतला जावा असा त्याने आग्रह धरला. हायरमने थोरल्या भावाच्या नावाने तो घेतलाही. शेवटच्या घटका आल्या. सोळा वर्षांपूर्वी पालमायरात ज्याने स्वतः माती उकरून मुलाचं प्रेत पाहिलं होतं, तो म्हातारा आता अंथरुणावरून घरच्यांना सांगत होता की त्याला ॲल्विन दिसतो आहे.