उंदराचा डोळा आणि आपलें बाळ

आमच्या नारायण पेठेंतील वाड्यांत शेजारच्या एका बालकाच्या डोळ्यांत गांठ निघाली. दुसऱ्याच दिवशीं एक तरुण माता माझ्याकडे येऊन म्हणाली, "मास्तर, विषाणु टोंचला कीं प्राण्यांच्या डोळ्यांत अशीच गांठ होते, असें वाचलें. मग माझ्या मुलीला त्याच्याशीं खेळूं द्यावें कीं नाहीं?" तिला दिलेलें उत्तरच आज सांगतों.

विषाणूमुळें प्राण्यांत गांठी होतात, हें खरें. याच पेठेंतील हुजूरपागेंत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं मुंबईस उंदरांच्या स्तनांतील कर्करोगाचा अभ्यास करून, त्याचा संप्रेरकांशीं व विषाणूशीं असलेला संबंध उलगडला. डोळ्याची कथा मात्र अमेरिकेंत सुरू होते. माणसास सर्दी-खोकला आणणाऱ्या ॲडिनोव्हायरस नांवाच्या विषाणुकुलांतील बारावा प्रकार जॉन ट्रेंटिन व त्यांचे सहकारी यांनीं हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या नवजात पिलांस टोंचला. पिलांच्या अंगांत घातक गांठी झाल्या. हें वृत्त १९६२ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें तोच विषाणु नवजात प्राण्यांच्या थेट डोळ्यांत सोडला असतां, लहान मुलांच्या रेटिनोब्लास्टोमासारखी गांठ तेथें उद्भवली.

असें कां व्हावें? पेशींच्या वाढीस लगाम घालणारें आरबी नांवाचें एक प्रथिन आपल्या शरीरांत असतें. विषाणूला पेशींत आपली प्रजा वाढवावयाची असते. म्हणून त्याचें एक प्रथिन या लगामास चिकटून तो निकामी करतें. हें १९८८ सालीं उघड झालें. माणसाच्या पेशींत हा विषाणु वाढतो आणि पेशी मरून जाते. हॅम्स्टरच्या पेशींत तो नीट वाढूं शकत नाहीं. पेशी जगते, पण तिचा लगाम सुटलेला असतो. तीच गांठीची सुरुवात.

मुलांतही बहुधा हाच लगाम तुटतो. तोडणारा मात्र निराळा. आल्फ्रेड नुडसन यांनीं १९७१ सालीं ४८ रुग्णांच्या नोंदी तपासून सांगितलें कीं, या रोगास दोन आघात लागतात. लगामाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात व दोन्ही बिघडाव्या लागतात. कांहीं मुलांत पहिला बिघाड जन्मापासूनच असतो, इतरांत दोन्ही मागाहून घडतात. तें जनुक १९८६ सालीं हातीं लागलें. मुलांच्या या गांठीस विषाणु कारण आहे, असें मात्र सिद्ध झालेलें नाहीं. हा रोग एका मुलाचा दुसऱ्यास लागत नाहीं.

प्राण्यांवरील प्रयोगानें लगाम कोठें आहे हें समजण्यास साहाय्य केलें; पण प्राण्यास जें होतें तें माणसास होईलच, असें त्यांतून निघत नाहीं.

भीति बाळगावयाची ती विलंबाची. सुमारें पंधरा ते वीस हजार बालकांत एकास हा रोग होतो. बाळाची बाहुली दिव्याच्या उजेडांत वा छायाचित्रांत पांढरी चमकली, अथवा डोळा तिरळा दिसूं लागला, तर घरगुती औषधांत दिवस न दवडतां नेत्रतज्ज्ञाकडे जावें. भावंडांचेही डोळे तपासून घ्यावे. वेळीं उपचार झाल्यास जीव बहुधा वांचतो, पुष्कळदां दृष्टीही राहते.

ती माता हें ऐकून घरीं गेली. संध्याकाळीं तिची मुलगी चेंडू घेऊन शेजारीं खेळावयास आली होती.