नवे यंत्र आणि जुनी उतरंड

कारखान्यात नवे यंत्र आणणे फारसे अवघड नसते. गाठीशी पैसा असला की ते विकत मिळते. अवघड असते ती त्या यंत्राभोवतीची माणसांची मांडणी बदलणे. दुसऱ्या महायुद्धानंतर स्कॉटलंडमधील काही जुन्या कारखान्यांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या उद्योगात उतरण्याची धडपड केली. संशोधक आले, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पण पुष्कळ ठिकाणी ते रोप रुजले नाही. याचे कारण एडिंबरोचे समाजशास्त्रज्ञ टॉम बर्न्स यांनी जॉर्ज स्टॉकर यांच्यासह शोधले. सुमारे वीस कारखान्यांच्या अभ्यासावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला.

त्यांना संघटनेच्या दोन तऱ्हा दिसल्या. पहिली यंत्रासारखी. तीत प्रत्येकाचे काम आखलेले, हुकूम वरून खाली आणि वृत्तान्त खालून वर. रेयॉनच्या एका गिरणीचे काम अशाच काटेकोर नियमांनी चाले आणि उत्तम चाले. कारण तेथे आजचा दिवस कालच्यासारखाच असे. दुसरी तऱ्हा सजीव देहासारखी. तीत ज्याला विषय कळतो त्याच्याकडे अधिकार सरकतो आणि आज्ञेची जागा सल्लामसलत घेते. परिस्थिती रोज पालटत असेल तेथे हीच तऱ्हा टिकते. मात्र तिची किंमत मोजावी लागते. आपले काम नेमके कोठे संपते हे कोणालाच ठाऊक नसते, आणि ही अनिश्चितता माणसाला पोखरते.

मग अडलेले कारखाने बदलले का नाहीत? बर्न्स यांचे उत्तर मार्मिक आहे. माणूस कारखान्यात केवळ काम करीत नाही. तो तेथे आपला दर्जा आणि आपल्या विभागाचा वाटाही राखीत असतो. प्रयोगशाळेतील नवख्यांना महत्त्व आले की जुन्यांचे आसन डळमळते. म्हणून मांडणी न बदलता तिलाच ठिगळे लावली जातात. अडचण आली की दोन विभागांत दुवा साधणारा अधिकारी नेमायचा. पुढे त्या अधिकाऱ्याची नोकरीच ती अडचण टिकण्यावर अवलंबून राहते! नाहीतर समिती नेमायची. कचेरीच्या कारभाराशी परिचय असलेल्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

पुढे १९६३ साली बर्न्स यांनी हीच दृष्टी ब्रिटिश नभोवाणी संस्थेकडे, म्हणजे बीबीसीकडे वळविली. त्या अभ्यासाच्या प्रकाशनास संस्थेने संमती दिली नाही. दहा वर्षांनी त्यांना पुन्हा तेथे अभ्यास करता आला, आणि ग्रंथ बाहेर पडण्यास १९७७ साल उजाडले.