हिरव्या ठिपक्याचं नाव

तेलीबांधा तलावाकाठी, रायपूरकरांच्या मरीन ड्राइव्हवर, सिकलसेल हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. छत्तीसगड आणि शेजारचा विदर्भ या आजाराशी फार काळ झुंजत आहेत. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं, एवढाच तो बदल. पण हे व्हॅलीन शेजारच्या रेणूला चिकटतं ते ऑक्सिजन सुटल्यावर. तेव्हा हिमोग्लोबिनमधल्या हीम या सपाट वलयाच्या मध्यावरचा लोहाचा अणू वलयाच्या पातळीबाहेर सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम सरकतो आणि त्याच्या ओढीने सगळा रेणू आकार बदलतो. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग! मॅक्स पेरुत्झ यांनी १९७० मध्ये ही यंत्रणा मांडली, तेव्हापासून प्रथिनातला धातू नेमका कुठे बसला आहे याला जीवनमरणाइतकं मोल आलं.

तो बसलेला दिसतो कसा? प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले की मिळतो इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा नकाशा. त्यात अणूंची नावं लिहिलेली नसतात. प्रतिकृती बसवून झाली की संगणकाच्या पडद्यावर कुठेतरी हिरवा ठिपका उरतो. इथे काहीतरी आहे, तुम्ही ठेवलेलं नाही, असं तो सांगतो. पाण्याचा रेणू, सोडियमचा आयन आणि मॅग्नेशियमचा आयन, तिघांतही दहाच इलेक्ट्रॉन. नुसत्या दाटीवरून ते वेगळे कसे काढणार? मग शेजार मोजायचा. ऑक्सिजन २.१ अँगस्ट्रॉमवर आणि सहा बाजूंनी चोख अष्टफलक साधत असेल, तर मॅग्नेशियम. २.४ वर असेल तर सोडियम, पण कॅल्शियमही तिथेच येतं. त्याचे इलेक्ट्रॉन मात्र अठरा, म्हणून ठिपका ठसठशीत. २.८ च्या आसपास बहुधा साधं पाणी. नकाशा धूसर असला की हे आकडे डगमगतात, आणि घाईच्या चुका तिथेच होतात.

जड धातूंसाठी अधिक खात्रीचा मार्ग आहे आणि त्यासाठी इंदूर गाठावं लागतं. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा क्ष-किरण देणारा २.५ जीईव्हीचा सिन्क्रोट्रॉन आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यावर प्रथिन-स्फटिकांसाठी पीएक्स-बीएल२१ ही बीमलाइन उभारली. साध्या प्रयोगशाळेतल्या यंत्राची तरंगलांबी ठरलेली असते. इथे किरणांची ऊर्जा ५ ते २० केईव्ही या पट्ट्यात हवी तशी निवडता येते. याचं मोल एका उदाहरणावरून कळेल. प्रथिन शुद्ध करताना त्याला हिस्टिडिनचं शेपूट जोडतात आणि निकेलच्या स्तंभातून गाळतात. त्यातलं थोडं निकेल कधीकधी प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं आणि जस्तासारखंच दिसतं. ज्या ऊर्जेला धातू क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागतो, ती त्याची शोषण-कडा. जस्ताची ९.६६ केईव्हीला, निकेलची ८.३३ ला. म्हणून ९.६६ च्या जरा वर एकदा आणि जरा खाली एकदा, अशी दोनदा मोजणी करायची. खाली येताच त्या जागेचा, शोषणामुळे उमटणारा विशेष संकेत मावळला तर जस्त. टिकून राहिला तर ते निकेल असू शकतं. मॅग्नेशियम-सोडियमला हा उपाय चालत नाही, त्यांच्या कडा या पट्ट्याच्या फार खाली आहेत.

धातूकडे असं बारकाईने पाहणाऱ्यांत नागपूरला पदार्थविज्ञान शिकलेले शेखर मांडेही आहेत. क्षयाच्या जंतूतल्या शॅपरोनिन-१० या प्रथिनाच्या लवचीकपणावर धातूचे आयन कसा परिणाम करतात, हे त्यांनी भूपेश तनेजा यांच्यासह २००१ मध्ये दाखवलं.

पुरावा पुरेसा नसेल तर प्रोटीन डेटा बँकेत 'यूएनएक्स', म्हणजे अज्ञात अणू, अशी नोंद करण्याची सोय आहे. ती लोकांनी अधिक मोकळेपणाने वापरावी, असं मला मनापासून वाटतं. स्तंभातून आलेलं निकेल शरीरातलं जस्त म्हणून नोंदलं गेलं, तर त्या नोंदीवर विसंबून औषध बेतणाऱ्याची कित्येक वर्षं फुकट जातात.