चाकूरच्या थंडीचा हिशेब

घर उबदार ठेवायचे म्हणजे खोलीतली हवा तापवायची, ही कल्पना चाकूरच्या घरांत कधी रुजलीच नाही. इथे तापवले जाते ते अंघोळीचे पाणी, आणि ऊब राखली जाते ती अंथरुणात. मधली कामगिरी भिंती आणि छप्पर करत, तीही फुकटात. त्यामुळे या तालुक्यात हिवाळ्याच्या खर्चाचा हिशेब मांडायचा तर तो तीन ठिकाणी शोधावा लागतो: माळवदावर, न्हाणीत आणि वाकळेत.

थंडी मुळात किती, हे आधी पाहावे. लातूर–नांदेड रस्त्यावरचा हा भाग बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २८ ते ३० अंशांपर्यंत जातो आणि पहाटे १०-१२ अंशांवर येतो. एखाद्या लाटेत त्याहूनही खाली. शेजारच्या परभणीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेने ५ अंशांखालच्या पहाटाही नोंदवल्या आहेत. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असते. दिवसभर जमिनीने घेतलेली उष्णता रात्री अडवायला वर ढग नसतात, हवेत बाष्पही फारसे नसते, म्हणून ती सरळ आकाशात निघून जाते. दिवस आणि पहाट यांत सोळा ते वीस अंशांचा फरक पडतो तो यामुळे. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, दुपारी शेतात आंबील पिताना ऊन चटचटते आणि त्याच रात्री अंगावर पांघरूण कमी पडते. ही थंडी रात्रीची आहे, बारा तासांची आहे. दुपारचे ऊन रात्रीपर्यंत साठवता आले, तर जाळायला काही लागतच नाही.

जुनी माळवदाची घरे नेमके हेच करत. दगड आणि मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि कड्या, वर फळ्या किंवा काटक्या-पाल्याचा थर आणि त्यावर हात-दीड हात पांढरी माती. उजेडाला आणि धुराला वाट म्हणून छताला एक सानं. दुपारचे ऊन एवढ्या जाड मातीतून आत झिरपायला आठ-दहा तास लागतात. म्हणजे दुपारी बाराची ऊब रात्री दहाच्या सुमारास आतल्या अंगाला पोचते. उन्हाळ्यात हाच उशीर घर थंड ठेवतो. पावसाळ्याआधी गळती थांबवायला दरवर्षी माळवदावर नवी माती टाकत. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत जाई आणि घर आणखी उबदार होई.

आणखी जडही होई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. चाकूरपासून दक्षिणेला साधारण साठ किलोमीटरवर. मातीत रचलेल्या दगडी भिंती फाकल्या आणि त्यांवरचा टनावारी मातीचा बोजा झोपलेल्या माणसांवर आला. हजारो माणसे गेली. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. कुटुंबाच्या जमिनीप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली. पुनर्वसनाच्या यादीत नसलेल्या गावांनीही धडा घेतला, आणि ज्याला जमेल त्याने माळवद उतरवून स्लॅब किंवा पत्रे टाकले. मातीखाली निजण्याची भीती एवढी खरी होती, की त्या बदल्यात काय हातचे गेले याची मोजदाद कोणी केली नाही. करायला हवी होती असेही म्हणता येत नाही.

गेले ते हे: चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब तीन-चार तासांत तापतो आणि तितक्याच लगबगीने निवतो. तिन्हीसांजेला खोलीत उकडते आणि पहाटे चारला तीच खोली गार पडते. पत्र्याची गत याहून वाईट. पत्रा रात्री आकाशाकडे उष्णता फेकत फेकत भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. घरातल्या माणसांच्या श्वासातले बाष्प त्याच्या खालच्या अंगाला धरते आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडतात. घर गळते असे समजून पत्र्याच्या खिळ्यांना डांबर लावणारे अनेक. खरे औषध वेगळे आहे. पत्र्याखाली एक हात अंतर सोडून साधे छत ताणले, मग ते फळ्यांचे असो की थर्माकोलच्या पत्र्यांचे, की मधली हवा कोंडून राहते आणि तीच पांघरूण होते. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला तर गळती थांबते आणि तापणे-निवणे दोन्ही मंदावते. पालथी मडकी मांडून त्यांवर कोबा ओतण्याची जुनी युक्तीही याच तत्त्वाची. चाकूरला मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, म्हणून छतावर खर्च करताना आधी उन्हाळा पाहावा लागतो. सुदैवाने कोंडलेली हवा आणि जाड थर दोन्ही ऋतूंना उपयोगी पडतात. पांढरा चुना मात्र फक्त उन्हाळ्याच्या कामाचा.

दारे-खिडक्यांचा विचार स्वस्तात होतो. दक्षिणेकडची खिडकी दुपारी उघडी, दिवेलागणीला बंद. उंबऱ्याखालच्या फटीला जुन्या लुगड्याची वळी. पण घरात चूल पेटत असेल तर भिंत आणि पत्रा यांमधली सगळीच फट बुजवू नये; धूर तिथूनच जातो.

आता न्हाणी. चाकूरच्या घरात हिवाळ्याचे खरे जळण इथे खर्च होते. पंधरा लिटरची एक बादली २० अंशांवरून ४४ अंशांवर न्यायला सुमारे दीड मेगाज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत हे ०.४२ युनिट, थोडे वाया गेले तरी अर्धा युनिट धरावा. एक हजार वॅटचा रॉड बादलीत टाकला तर साधारण अर्धा तास. गॅसच्या शेगडीवर हेच काम ५५ ते ६० ग्रॅम गॅसमध्ये होते, कारण शेगडीची चाळीसेक टक्के उष्णता भांड्याच्या बाजूने निसटते. रोजच्या पाच बादल्या गॅसवर तापवल्या तर १४.२ किलोची टाकी पन्नास दिवसांच्या आत केवळ अंघोळीत संपते, स्वयंपाक वेगळाच. वातीच्या स्टोवर एका बादलीला जवळपास शंभर मिलिलिटर रॉकेल लागे. उघड्या तीन दगडांच्या चुलीवर पाऊण किलो ते किलोभर लाकूड, कारण अशा चुलीत दहातले जेमतेम एक-दीड भाग भांड्याला लागतात.

तांब्याचा बंब या हिशेबात वेगळा बसतो. त्याची नळी पाण्याच्या मधून जाते, जाळ आत आणि पाणी भोवती, त्यामुळे धुराबरोबर जाणारी उष्णताही पाण्यालाच मिळते. त्याला जळणही फार निवडून लागत नाही: ज्वारीची धसकटे, गोवऱ्या आणि मुख्य म्हणजे तुराट्या. लातूर जिल्हा तुरीचा. तूर खळ्यावर येते डिसेंबर-जानेवारीत आणि तुराट्यांच्या मोळ्या अंगणात पडतात त्या ऐन थंडीत. पिकाचे आणि गरजेचे वेळापत्रक इतके जुळणारे जळण दुसरे नाही. नांदेडकडे हेच काम कापसाच्या पऱ्हाट्या करतात. शेत नसलेल्या घराला मात्र तुराट्या विकत घ्याव्या लागतात, किंवा मागून आणाव्या लागतात; तिथे ‘फुकटचे जळण’ हा शब्द बाईच्या डोक्यावरच्या ओझ्याने मोजावा.

ओल्या धसकटांना जाळ धरायला बाटलीच्या बुचातून ओतलेले रॉकेल, हा घरोघरचा रिवाज होता. रॉकेल आणि घासलेट ही दोन्ही नावे इंग्रजी शब्दांची मराठी रूपे आहेत. स्वस्त धान्य दुकानातले रॉकेल निळे असे. काळ्या बाजारात जाणारे ओळखू यावे आणि डिझेलमधली भेसळ पकडता यावी म्हणून त्यात रंग मिसळत. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅस खेड्यांत पोचला, रॉकेलचा कोटा आटत गेला, आणि २०२० पर्यंत केंद्राचे त्यावरचे अनुदानही संपले. स्टो माळ्यावर गेले.

गंमत अशी की चाकूरमधून नाहीसे झालेले हे रॉकेल ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये आजही घरे तापवते. तिथे घरतापणीचे तेल म्हणून विकले जाते ते बहुतांशी रॉकेलच. उत्तर आयर्लंडमध्ये तर निम्म्याहून अधिक घरे त्यावर चालतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात, जिथे न्यू जर्सीपासून बॉस्टनपर्यंत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तिथल्या जुन्या घरांत डिझेलसारखे तेल वापरतात. त्याला कर चुकवून कोणी गाडीत भरू नये म्हणून लाल रंग देतात. रंगामागची सरकारी शंका दोन्ही देशांत एकच. तिथे तळघरात २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरहून थोडी मोठी टाकी असते. टँकर येऊन ती भरून जातो. बर्नर पाणी किंवा हवा तापवतो आणि ती ऊब घरभर फिरते. अशा एका टाकीतल्या तेलाची उष्णता, भट्टीतले नुकसान वजा करूनही, चाकूरच्या एकवीस हजार बादल्यांना पुरेल. रोज पाच बादल्यांच्या हिशेबाने अकरा वर्षे. तिकडे ती एका हिवाळ्यातही पुरत नाही, पुन्हा भरावी लागते. यात उधळपट्टी शोधण्याचे कारण नाही. बाहेर शून्याखाली असताना आत पाइपातले पाणी गोठू नये यासाठीही घर तापवावेच लागते. तरी तिथलेही जाणकार तेलाची बचत सांगतात ती माळ्यावर जाड अस्तर घालण्यापासून आणि खिडक्यांच्या फटी बुजवण्यापासूनच.

चाकूरच्या निरभ्र आभाळाचा एक फायदा छतावर मिळतो. रात्री उष्णता पळवणारे तेच आभाळ दिवसा अडथळ्याशिवाय ऊन देते. दक्षिणेला तोंड करून, थोडे तिरके बसवलेले शंभर लिटरचे सौर बंब हिवाळ्यातल्या एका चांगल्या दिवसात पाणी तीस अंशांनी सहज तापवतात. म्हणजे रोज साडेतीन युनिट वीज वाचते. अडचण पाण्याची. काळ्या बेसाल्ट खडकातल्या बोअरचे पाणी जड असते आणि तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसून त्या बुजतात. अशा पाण्याला काचेच्या रुंद नळ्यांचे यंत्र जास्त मानवते, तरी नळ्या अधूनमधून धुवाव्याच लागतात. दुसरी काटकसर आपोआप होते. ज्या लातूर शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात अंघोळ बादलीनेच मापली जाते. कमी पाणी म्हणजे कमी जळण; शॉवरखाली हाच खर्च तिप्पट होतो.

खोली तापवणारे हीटर आता चाकूरच्या बाजारातही दिसतात. त्यांत ‘तेलाचा हीटर’ म्हणून मिळणाऱ्या यंत्राबद्दल गैरसमज आहे. त्यातले तेल जळत नाही, संपत नाही, बदलावेही लागत नाही. ते बंद पात्रात फिरून विजेची उष्णता हळूहळू सोडते. दोन हजार वॅटचा हीटर, तेलाचा असो की लाल तारेचा, तासाला दोनच युनिट खातो आणि तेवढीच ऊब देतो. आठ तास सलग चालला तर रात्रीचे सोळा, महिन्याचे पावणेपाचशेच्या वर. शंभर युनिटांनंतर आणि पुन्हा तीनशेनंतर महावितरणचा दर चढतो, त्यामुळे हे शेवटचे युनिट सर्वांत महाग पडतात. गळक्या पत्र्याच्या खोलीत तर ही ऊब आकाशालाच जाते. बाळंतीण किंवा अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस असेल तर निजण्यापूर्वी तासभर हीटर लावून पुढे पांघरुणावर भिस्त ठेवणे परवडते.

हीटरऐवजी निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन दार लावणे मात्र जिवावर बेतते. धूर नसलेल्या लाल निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके जड होते, मग झोप, आणि ती झोप मोडत नाही. बंद न्हाणीत लावलेल्या गॅस गिझरचा धोकाही हाच. त्याची टाकी आणि यंत्र बाहेर, नाहीतर न्हाणीला कायम उघडा झरोका. शेकोटी अंगणातच असते, यामागे गप्पांखेरीज हेही कारण आहे.

उरली वाकळ. झोपलेल्या माणसाचे शरीर सत्तर-ऐंशी वॅट उष्णता सतत देत असते, म्हणजे रात्रभरात अर्ध्या युनिटाहून जास्त. पांघरुणाचे काम ती धरून ठेवण्याचे. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकमेकांवर शिवलेली वाकळ थराथरांमध्ये हवा अडकवते, आणि ती हलू देत नाही. घोंगडीची लोकर दक्खनी मेंढीची, जाडीभरडी, टोचणारी. पण लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओल पोटात घेऊनही ओली वाटत नाही, म्हणून दंवात राखणीला गेलेल्या माणसाला तिच्याइतके दुसरे काही पुरत नाही. घोंगडी खाली आणि वाकळ वर, हा क्रमही अनुभवाचा आहे: फरशी अंगातली ऊब हवेपेक्षा लवकर ओढते, तेव्हा पहिला थर खालीच हवा. रात्रभराच्या घामाने वाकळेतली ओल वाढली की तिचे थर चिकटतात, हवा कमी होते आणि जुनीच वाकळ अचानक पातळ झाल्यासारखी वाटते. दुपारी ती स्लॅबवर दोन तास उन्हात टाकली, उलटवली, काठीने झोडपली की थर पुन्हा सुटतात.