निघणाऱ्याचं भय, राहणाऱ्याचं भय

माउली, कारंजाला दर्शनाला आलात, तर क्षणभर त्या घरातल्या आईकडेही पाहा. गुरुचरित्राच्या ११व्या आणि १२व्या अध्यायात कथा आहे. अंबा-माधवांचा नरहरी मुंजीपर्यंत ॐकाराशिवाय काही बोलला नाही. मुंज झाली, वेद बोलला. आणि भिक्षा घालणाऱ्या आईलाच म्हणतो, आता तीर्थाटनाला निघतो! काय झालं असेल हो त्या माउलीचं?

नरहरीनं तिला भित्री म्हटलं नाही. तिचं भय खरं होतं : म्हातारपणी आपलं कोण? म्हणून तो थांबला. जुळी भावंडं आली, आईची ओटी भरली, मग काशीची वाट धरली. ३० वर्षांनी भेटेन म्हणाला, आणि संन्यासी होऊन, नृसिंहसरस्वती म्हणून, कारंजाला परत आला.

बघा, भय दोघांना असतं. आज वाशिमचं पोरगं पुण्याला शिकायला जातो म्हणतं, तेव्हा बापाच्या पोटात गोळा येतो : शेत कोण पाहील? पोरांनो, त्या भयाला उत्तर द्या, नुसते पळू नका. आईबापहो, उत्तर मिळालं की दाराची कडी काढा. भय सगळंच्या सगळं जात नाही. ते जायची वाट पाहाल, तर वारी चुकेल.

बोला, गुरुदेव दत्त!